दोन कॉम्प्युटर थेट केबलने जोडताना या चुका टाळा

कृष्णेचा २०१९ चा महापूर पाहिलेल्या सांगलीत, खालच्या मजल्यावरच्या कॉम्प्युटरमधल्या फाइल्सची एक प्रत वर असावी हे कुणाला पटवून द्यावं लागत नाही. हळदीच्या पेढीचे हिशेब असोत की घरच्या लग्नाचे फोटो, जिन्यातून एक लॅन केबल वर नेली की राउटरशिवायही काम होतं. पण केबल लावल्यावर समोरचा कॉम्प्युटर दिसला नाही, की माणसं हाताला येईल ते सेटिंग बदलत सुटतात. तसं करू नका. आधी केबल, मग आयपी (नेटवर्कवरचा कॉम्प्युटरचा पत्ता), मग फायरवॉल (बाहेरून येणारी जोडणी अडवणारं संरक्षण) आणि शेवटी शेअरिंग, याच क्रमाने तपासा.

दोन्ही टोकं सारखी असलेली साधी यूएसबी केबल मात्र दोन कॉम्प्युटरमध्ये लावू नका. दोन्हीकडून पाच व्होल्ट येतात आणि पोर्ट जळू शकतं.

लॅन पोर्टजवळचा दिवा लागत नसेल तर सॉफ्टवेअरला हात लावण्यात अर्थ नाही. प्लगची खिट्टी तुटली असेल तर तो दिसायला बसलेला असतो, पण आतून सैल असतो. क्रॉसओव्हर केबल (एका टोकाला तारा बदलून लावलेली) शोधत फिरण्याची गरज बहुधा पडत नाही, कारण गिगाबिट (सेकंदाला १००० मेगाबिट वेगाचं) पोर्ट तारांची अदलाबदल स्वतःच करतं. दोन्हीकडची मशीन फार जुनी असतील तरच ती लागते.

खरा दगा देते ती घरी क्रिंप केलेली, म्हणजे हाताने प्लग दाबून बसवलेली केबल. दोन्ही टोकांना रंग एकाच क्रमाने लावले की झालं, असं अनेकांना वाटतं. ते अर्धंच खरं आहे. केबलमध्ये तारांच्या चार जोड्या पीळ देऊन बसवलेल्या असतात आणि तिसरी व सहावी तार एकाच जोडीतली असावी लागते. म्हणून क्रम असा: पांढरा-केशरी, केशरी, पांढरा-हिरवा, निळा, पांढरा-निळा, हिरवा, पांढरा-तपकिरी, तपकिरी. हिरव्याच्या दोन्ही तारा शेजारी लावल्या तर केबल तपासायच्या टेस्टरचे आठही दिवे ओळीने लागतात, पण कॉपी रडतरखडत चालते किंवा मध्येच तुटते. गिगाबिटला चारही जोड्या लागतात. एक जोडी निकामी असेल तर वेग १०० मेगाबिटवर येतो. मग १०० जीबी कॉपी करायला अडीच तास जातात. एरवी हार्डडिस्क चांगली असेल तर पंधरा-वीस मिनिटांत काम होतं.

दिवा लागला की आयपी बघा. आयपी वाटणारा राउटर मध्ये नसल्यामुळे विंडोज स्वतःच १६९.२५४ ने सुरू होणारा पत्ता घेतं. त्यावरही काम चालतं, पण स्वतः पत्ता दिलेला बरा: एकाला १९२.१६८.५०.१, दुसऱ्याला १९२.१६८.५०.२, दोन्हीकडे सबनेट मास्क २५५.२५५.२५५.०. गेटवे, म्हणजे बाहेरच्या नेटवर्ककडे जायच्या वाटेचा पत्ता, रिकामा ठेवा. तिथे काही भरलं तर इंटरनेट या केबलमधून शोधलं जाऊन चालू वायफाय बंद पडल्यासारखं होतं. वायफायची मालिकाही इथे वापरू नका; घरचा राउटर १९२.१६८.१ चे पत्ते देत असेल तर केबलला वेगळेच हवेत.

पिंगला (समोरचा कॉम्प्युटर उत्तर देतो का हे पाहणारी आज्ञा) उत्तर आलं नाही की फायरवॉल पूर्ण बंद करून टाकायचा सल्ला सर्रास मिळतो. कृपया तो ऐकू नका, कारण फायरवॉल पुन्हा चालू करायचं राहून जातं आणि तेच मशीन वायफायवर उघडं पडतं. गेटवे नसलेलं नेटवर्क विंडोज पब्लिक, म्हणजे परकं समजतं, अडचण तिथे असते. इथरनेटच्या सेटिंगमध्ये ते प्रायव्हेट करा आणि फाइल अँड प्रिंटर शेअरिंग चालू करा.

पिंग येतोय पण फोल्डर उघडत नाही? नेटवर्कच्या यादीत नाव दिसायची वाट बघू नका. रन उघडून दोन उलट्या तिरक्या रेघा आणि पुढे समोरच्याचा आयपी टाका. पासवर्ड मागितला तर समोरच्या मशीनवरच्या खात्याचा द्या. पिन इथे चालत नाही, आणि ज्या खात्याला पासवर्डच नाही त्याला विंडोज नेटवर्कवरून आत घेत नाही.

कॉपी सुरू करण्याआधी दोन्हीकडची स्लीप बंद करा. हिशेबाचं सॉफ्टवेअरही बंद करा, कारण उघड्या फाइलची प्रत अर्धवट निघू शकते. शेवटी दोन्हीकडच्या फोल्डरची प्रॉपर्टीज उघडून फाइल्सची संख्या आणि साइज जुळवा.