जुने सॉफ्टवेअर मध्येच बंद पडले तर ते सावरावे कसे

जुन्या सॉफ्टवेअरमध्ये बिघाडातून सावरण्याची सोय करताना आधी चुका पकडणारा कोड लिहायला घेऊ नये. प्रोग्रॅम भलत्याच क्षणी मेला तर डिस्कवर आणि डेटाबेसमध्ये मागे काय उरते, ते पाहावे. त्यासाठी चाचणीच्या सर्व्हरवर, काम चालू असतानाच, ‘किल -९’ ही सक्तीने बंद पाडणारी आज्ञा देऊन प्रोसेस, म्हणजे चालू प्रोग्रॅम, मारावी. तिने पाठवलेला सिग्नल प्रोग्रॅमला अडवता येत नाही, त्यामुळे आवराआवर करायला त्याला सवडच मिळत नाही. अर्धवट फायली, तशीच राहिलेली लॉक फाइल (‘काम चालू आहे, दुसऱ्याने हात लावू नये’ असे सांगणारी खूण), दोनदा पडलेली नोंद असे जे जे सापडेल, ते दुरुस्त करायचे आहे.

फायलींचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. मूळ फायलीवरच न लिहिता त्याच फोल्डरमध्ये तात्पुरती फाइल लिहावी, एफसिंक करावे, म्हणजे ती खरोखर डिस्कवर उतरवून घ्यावी, आणि मग रीनेम करून तिला मूळ नाव द्यावे, म्हणजे वाचणाऱ्याला जुनी फाइल मिळेल किंवा नवी, अर्धी कधीच मिळणार नाही.

खरी काळजी पुन्हा प्रयत्न करताना घ्यावी लागते. समजा, सर्व्हरने रक्कम जमा केली, पण तसे कळवणारे उत्तर वाटेतच हरवले. अशा वेळी आंधळेपणाने तीच विनंती पुन्हा पाठवली, तर रक्कम दोनदा जमा होईल. म्हणून प्रत्येक विनंतीला पाठवणाऱ्यानेच स्वतंत्र क्रमांक द्यावा, तो टेबलमध्ये युनिक ठेवावा, म्हणजे तोच क्रमांक दुसऱ्यांदा स्वीकारला जाणार नाही, आणि रकमेच्या नोंदीबरोबर एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये लिहावा, म्हणजे दोन्ही नोंदी होतील किंवा एकही होणार नाही. हे झाल्याशिवाय रिट्राय सुरू करू नये, असे माझे ठाम मत आहे. त्यानंतरही १, २, ४, ८ सेकंद असे अंतर वाढवत न्यावे, त्यात थोडा यादृच्छिक फरक ठेवावा आणि प्रयत्नांना मर्यादा घालावी. नाहीतर नुकताच उभा राहिलेला सर्व्हर सगळ्यांच्या एकदम आलेल्या विनंत्यांनी पुन्हा कोसळतो.

टाइमआउट, म्हणजे उत्तराची वाट किती वेळ पाहायची ती मर्यादा, हेही तपासावेत. जावा भाषेत नेटवर्कवर जोडणी करणाऱ्या यूआरएलकनेक्शनमध्ये तो मुळात शून्य, म्हणजे अमर्याद असतो, आणि तो ठरवण्याची थेट सोय २००४ च्या जावा ५ मध्ये आली. त्याआधीच्या कोडमध्ये ती सहसा नसतेच.

रिकामे कॅच ब्लॉक, म्हणजे चूक पकडून काहीच न करणारे कोडचे तुकडे, मात्र घाईने बदलू नयेत, कारण गिळलेल्या एखाद्या चुकेवरच बाकीचे काम अवलंबून असू शकते. आधी तिथे फक्त लॉग लिहावा आणि काही दिवस तो वाचावा.

लिनक्सवर सेवा चालवणाऱ्या सिस्टिमडीचे ‘रीस्टार्ट=ऑन-फेल्युअर’, म्हणजे बंद पडलेला प्रोग्रॅम आपोआप पुन्हा सुरू करण्याचे सेटिंग, सर्वांत शेवटी लावावे. ते आधी लावले, तर प्रोग्रॅम अर्धवट डेटावरच पुन्हा पुन्हा उभा राहतो आणि बिघाड कित्येक दिवस कुणाच्या लक्षातही येत नाही.