कॉम्प्युटर वापरताना या चुका टाळा

प्रोसेसर कुठल्या पिढीचा, मदरबोर्ड कुणाचा, हे माहीत नसलं तरी काही अडत नाही. त्यासाठी आम्ही दुरुस्तीवाले आहोत. पण आपली फाइल नेमकी कुठे आहे, हे ज्याचं त्यालाच माहीत हवं.

सगळ्यात महागात पडते ती डी ड्राइव्हला बॅकअप समजण्याची चूक. घरच्या मशीनमध्ये सी आणि डी बहुतेक वेळा एकाच डिस्कचे दोन भाग असतात. विंडोज नव्याने टाकताना सी पुसलं तरी डी वाचतं, त्यातून हा गैरसमज पसरला. एका सोसायटीचे सेक्रेटरी काका सीपीयू घेऊन आले. ‘सगळं डीला टाकलंय, बिनधास्त फॉरमॅट मारा.’ चालू केलं तर डिस्क टकटक वाजतेय आणि बायोसमध्ये, म्हणजे विंडोजच्या आधी चालू होणाऱ्या मूळ प्रोग्रॅममध्ये, तिचा पत्ताच नाही. सी गेलं, डीही गेलं. सर्वसाधारण सभा तोंडावर, आणि काका पासबुक नि पावत्यांच्या स्थळप्रती घेऊन हिशेब नव्याने मांडत बसले. मी स्वतः शुक्रवारी दुकान बंद करण्याआधी बाहेरची हार्ड डिस्क लावतो, हाताने कॉपी करतो आणि काढून कपाटात ठेवतो. लावूनच ठेवली तर रॅन्समवेअर, म्हणजे फाइली कुलूपबंद करून खंडणी मागणारा व्हायरस, तिलाही सोडत नाही. आपोआप बॅकअप घेणारी सॉफ्टवेअरं आहेत, पण ती कधी बंद पडली हे लोकांना डिस्क गेल्यावरच कळतं.

दुसरी चूक, पेनड्राइव्हवर फाइलऐवजी शॉर्टकट, म्हणजे मूळ फाइलकडे बोट दाखवणारी नुसती खूण, नेणं. गंमत म्हणजे आपल्याच मशीनवर तो उघडून बघितला तर मूळ फाइल व्यवस्थित उघडते! झेरॉक्सच्या दुकानात गेल्यावर बोंब. आयकॉनच्या कोपऱ्यातला बाण बघा, साइज बघा. एक-दोन केबी असेल तर तो शॉर्टकटच. पण घाई एवढी, की पेनड्राइव्ह उपसून पळायचं.

विंडोज फाइलच्या नावाचं शेपूट, म्हणजे फाइल कुठल्या प्रकारची ते सांगणारं एक्स्टेन्शन, लपवतं. त्यामुळे ‘बिल.पीडीएफ.ईएक्सई’ हे नुसतं ‘बिल.पीडीएफ’ दिसतं, आणि बिल समजून उघडलं की प्रोग्रॅम चालू होतो. 2000 साली ‘आय लव्ह यू’ व्हायरस असाच मजकुराच्या फाइलचं सोंग घेऊन ईमेलमधून जगभर पसरला होता. व्ह्यू मेनूत जाऊन ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ चालू करून टाका.

‘रोज बंद करतो, तरी अडकतं’ म्हणणाऱ्यांनी रीस्टार्ट करावं. विंडोज 8 पासून आलेलं फास्ट स्टार्टअप, म्हणजे मशीन लवकर चालू व्हायची सोय, चालू असलं की शटडाउनने सिस्टम पूर्ण ताजी होत नाही.

आणि व्हिडिओ बघून रजिस्ट्री क्लीनर, म्हणजे विंडोजच्या सेटिंग्जची नोंदवही ‘साफ’ करणारं सॉफ्टवेअर, टाकू नका. टाकलाच असेल, तर मशीन आणताना तेवढं आधी सांगा.