नववीच्या वर्गात २६/११ कसं शिकवायचं

मी नागरिकशास्त्र शिकवतो. आत्ता नववीत असलेलं एकही मूल २००८ मध्ये जन्मलेलं नव्हतं. त्यांना २६/११ माहीत असतं ते मोबाइलवरच्या तुकड्या-तुकड्यांच्या व्हिडिओंतून. तेव्हा हल्ल्याची थरारकथा रंगवू नका. हल्ल्यानंतर देश कसा वागला, हा विषय ठेवा. त्यासाठी सलग दोन तासिका मागून घ्या, एकीत हे मावत नाही.

सुरुवातीला घटना थोडक्यात सांगा: दहा हल्लेखोर, सुमारे साठ तास, १६६ मृत्यू. रक्ताचे फोटो अजिबात नकोत. त्याऐवजी माणसं सांगा. सीएसटीवर उद्घोषक विष्णू झेंडे गोळीबार चालू असताना ध्वनिक्षेपकावरून प्रवाशांना सुरक्षित बाहेर पडायची वाट सांगत राहिले. गिरगाव चौपाटीजवळ तुकाराम ओंबळे यांनी कसाबच्या रायफलची नळी धरली आणि अंगात गोळ्या घुसत असतानाही ती सोडली नाही. म्हणून तो जिवंत सापडला आणि खटला उभा राहिला.

राजकीय भाग भरभर घ्या. केंद्रीय गृहमंत्री शिवराज पाटील, मुख्यमंत्री विलासराव देशमुख आणि उपमुख्यमंत्री आर. आर. पाटील पायउतार झाले. डिसेंबर संपायच्या आत एनआयएचा (राष्ट्रीय तपास संस्थेचा) कायदा आला, यूएपीए हा दहशतवादविरोधी कायदा कडक झाला. इथे मात्र थांबा. नव्या तरतुदींमुळे आरोपपत्राशिवाय १८० दिवसांपर्यंत कोठडीत ठेवता येतं आणि जामीन मिळणं अवघड झालं. वर्गाचे दोन गट करून यावर वाद घडवा. तुमचं मत शेवटपर्यंत राखून ठेवा, नाहीतर मुलं तुम्हाला आवडेल तेच बोलतात.

वाहिन्यांचाही विषय काढा. कमांडो कारवाईचं थेट प्रक्षेपण सीमेपलीकडचे सूत्रधार पाहत होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या निकालात त्यावर कडक ताशेरे ओढले. अशा कारवाईच्या थेट प्रक्षेपणावर बंदी घालणारा नियम २०१५ मध्ये आला. आज प्रत्येक मुलाच्या खिशात कॅमेरा आहे, म्हणून हा मुद्दा त्यांना लगेच भिडतो.

‘त्याला तिथेच का नाही मारला?’ हा प्रश्न येणारच. दटावू नका. कसाबला वकील मिळाला, तीन पायऱ्यांवर सुनावणी झाली आणि २१ नोव्हेंबर २०१२ रोजी येरवड्यात फाशी झाली. त्याच खटल्यात फहीम अन्सारी आणि सबाउद्दीन अहमद हे दोन भारतीय आरोपी पुराव्याअभावी सुटले, आणि वरच्या न्यायालयांनीही ती सुटका कायम ठेवली. संतापलेल्या देशात हे घडलं. माझ्या मते या धड्याचा कणा हाच आहे, यासाठी वेळ राखूनच ठेवा.

एखादं मूल ‘ती लोकं’ म्हणत एका धर्माकडे बोट दाखवेल. तेव्हा मुंबईच्या मुस्लिम कब्रस्तान ट्रस्टचा निर्णय सांगा: त्यांनी नऊ हल्लेखोरांना दफनासाठी जागा नाकारली, आणि ते मृतदेह वर्षाहून जास्त काळ शवागारात पडून राहिले. सीएसटीवर मेलेल्यांत कितीतरी मुसलमान प्रवासी होते, हेही सांगा. वर्गातल्या मुस्लिम मुलांकडे त्या वेळी वळून पाहू नका आणि त्यांना उभं करून काही विचारू नका.

गृहपाठ म्हणून घरातल्या मोठ्यांशी बोलायला सांगा: त्या रात्री कुठे होतात, बातमी कशी कळली, दुसऱ्या दिवशी कामावर गेलात का? त्याआधी मुख्याध्यापकांकडे चौकशी करा. कुणाच्या घरातलं माणूस त्या हल्ल्यात गेलं असेल, तर पालकांशी आधी बोला आणि त्या मुलाला गृहपाठातून मोकळं ठेवा.