तालिकोटची लढाई शाळेच्या मैदानावर मांडायची तर

विजयनगरविरुद्ध दख्खनच्या चार शाह्या अशी १५६५ची लढाई फळ्यावर शिकवली की मुलांच्या लक्षात राहते ती फक्त तारीख. ती मैदानावर मांडावी, आणि मधोमध सोलापूर ठेवावं, कारण नगर आणि विजापूर या दोन वैऱ्यांची सोयरीक जुळली तेव्हा आंदण म्हणून दिला गेला तो आपला भुईकोटच.

साहित्य: फक्की, २० फुटी सुतळीचे चार तुकडे, घडी घातलेला एक सोलापुरी टॉवेल. टॉवेल म्हणजे किल्ला. किल्ल्यातच हे करायचा मोह होईल, पण ती संरक्षित वास्तू आहे, तिथे रेघोट्या नकोत.

प्रमाण १ फूट म्हणजे २५ किलोमीटर. सोलापूरपासून अहमदनगर वायव्येला ८ फूट, विजापूर दक्षिणेला ४, बीदर पूर्वेला ७, गोवळकोंडा पूर्वेलाच साडेदहा. विजयनगरही साडेदहा, पण दक्षिणेला, जरा पूर्वेकडे झुकून. तालिकोट त्याच अंगाला साडेपाच फुटांवर आणि त्याच्या फूटभर पुढे कृष्णेची रेघ. पाच राजधान्यांवर पाच मुलं उभी करा. अली आदिलशाह आणि अली बरीद यांत घोळ होतो, म्हणून हाक गादीच्या नावानेच मारा: नगरचा निजामशाह, विजापूरचा आदिलशाह, बीदरचा बरीदशाह, गोवळकोंड्याचा कुतुबशाह. विजयनगरचा मात्र रामराया, तिथला कर्ता कारभारी.

सुरुवात १५२४पासून करा. आदिलशाहाची बहीण मरियम बुऱ्हाण निजामशाहाला दिली, आंदणात सोलापूर कबूल केलं, पण दिलं नाही. टॉवेल पुढे करायचा आणि मागे घ्यायचा. बहुतेक जण ही पायरी गाळतात, मग पुढचं वैर कशावरून हे मुलांना कळतच नाही.

आता पहिली सुतळी निजामशाह ते रामराया. ती ताणली की बरोबर विजापूरच्या मुलाच्या डोक्यावरून जाते. इथे दोन मिनिटं थांबा, मुलांना बघू द्या: आदिलशाह दोघांच्या कात्रीत सापडलाय. रामरायाच्या मदतीने बुऱ्हाणने सोलापूर घेतलं, तेव्हा टॉवेल नगरकडे. मग ती सुतळी सोडून आदिलशाह ते रामराया बांधा. १५५८च्या सुमारास हे दोघे मिळून नगरवर चालून गेले. सुतळी तोकडी पडली म्हणून गावं जवळ ओढू नका, कात्री दिसायची बंद होते.

दर वेळी एक टोक रामरायाच्याच हातात आहे, हे मुलं स्वतःच ओळखतात. तेव्हाच १५६४ची गाठ मारा. नगर आणि विजापूर यांच्यात दोन सुतळ्या, कारण लग्नं दोन: हुसेन निजामशाहाची मुलगी चांदबीबी अली आदिलशाहाला, अलीची बहीण हुसेनच्या मुलाला, मुर्तजाला. टॉवेल या वेळी खरोखर विजापूरच्या हातात द्या. उरलेल्या सुतळ्यांनी गोवळकोंडा आणि बीदर जोडा. वऱ्हाडची इमादशाही यात नव्हती. पाचही शाह्या एकत्र आल्या असं सांगायची चूक नेहमी होते.

चौघांना तालिकोटला आणा, तिथून कृष्णा ओलांडून पुढे. फौजा जमल्या तालिकोटला, पण २३ जानेवारी १५६५ची लढाई तिथे झाली नाही. राक्षसतंगडी हे कृष्णाकाठच्या दोन गावांवरून पडलेलं लढाईचं दुसरं नाव त्यासाठीच सांगा. रामराया पडला.

शेवटी सगळ्यांना परत आपापल्या जागी पाठवा आणि सुतळ्या सोडायला सांगा. हुसेन त्याच वर्षी वारला, आणि दोन-तीन वर्षांतच आदिलशाही फौज निजामशाही मुलखात शिरून धारूरला किल्ला बांधत होती. टॉवेल मात्र विजापूरकडेच राहू द्या.