स्ट्रिपबोर्डवर आटोपशीर सर्किट: पहिल्या फसलेल्या बोर्डानंतर

पुण्याच्या तपकीर गल्लीत, म्हणजे इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात, नुसता ‘जनरल पर्पज बोर्ड’ मागितला, तर सुट्या ठिपक्यांचाही हातात येऊ शकतो. आपल्याला हवा तो मागे तांब्याच्या सलग पट्ट्या असलेला, म्हणजे स्ट्रिपबोर्ड. उलटा करून बघूनच घ्या.

माझं पहिलं सर्किट 555 या टायमर आयसीवर एलईडी लुकलुकवण्याचं होतं. रेझिस्टर आडवे झोपवल्यामुळे बोर्ड तळहाताएवढा झाला. पण खरी चूक वेगळीच होती. आयसीच्या खालच्या पट्ट्या मी कापल्याच नव्हत्या. 1 आणि 8 या पिना एकाच पट्टीवर समोरासमोर येतात, एक ग्राउंड आणि दुसरी सप्लाय. नऊ व्होल्टची बॅटरी थेट शॉर्ट झाली आणि हाताला चटका बसेल इतकी तापली.

आता आधी मांडणी चौकटीच्या कागदावर काढतो. चार पट्ट्यांवर आयसी आडवा बसतो आणि पिनांच्या दोन रांगांमध्ये दोन भोकं मोकळी राहतात. जागा वाचते ती इथेच! पिन 2 आणि 6 एकमेकींना जोडायच्या असतात. पिन 2 ची पट्टी पिन 7 जवळच्या भोकावर कापा, पिन 6 ची पट्टी पिन 3 जवळच्या भोकावर. दोन्ही पट्ट्यांवर उरलेलं एकेक भोक आयसीच्या पोटाखाली तिरपं समोर येतं, तिथे जंपर, म्हणजे जोडणारा तारेचा तुकडा, टाका. 4 आणि 8 चा जंपरही तसाच, फक्त तो पहिल्याला ओलांडतो, म्हणून वेष्टणाची तार घ्या. दोन्ही जंपर सॉकेटच्या (आयसी ज्यात खोचतात त्या खोबणीच्या) आधी सोल्डर करायचे, नंतर तिथे हात पोचत नाही.

8 आणि 7 मधला 1 किलोओहम, 7 आणि 6 मधला 68 किलोओहम, दोन्ही शेजारच्या पट्ट्यांवर उभे राहतात. 68 किलोओहमचा वळवलेला उघडा पाय पिन 6 च्या बाजूला ठेवा. मल्टिमीटर टेकवायला तो फार उपयोगी पडतो. 10 मायक्रोफॅरडचा कपॅसिटर 2 आणि 1 च्या पट्ट्यांवर, ऋण पाय 1 कडे. एलईडी साधारण सेकंदाला एकदा लुकलुकतो. एलईडी आणि त्याच्या रेझिस्टरसाठी एक जादा पट्टी धरून सगळं पाच पट्ट्या आणि डझनभर भोकांच्या लांबीत मावतं.

कापायला 4 मिलिमीटरचा ड्रिल बिट बोटांनीच फिरवला तरी पुरतो. मात्र बोर्ड उलटला की डावं उजवं होतं. म्हणून वरून भोकात टाचणी खुपसा, मागे मार्करने खूण करा, मगच कापा. तांब्याचा केसाएवढा धागाही राहू देऊ नका.

आयसी सॉकेटात घालण्याआधी मल्टिमीटर बीपवर (दोन जागा जोडलेल्या असल्या की वाजतो तो) ठेवून प्रत्येक काप आणि शेजारशेजारच्या पट्ट्या तपासा. 1 आणि 8 वर सलग बीप वाजला, तर बॅटरी हातातसुद्धा घेऊ नका.