वेगवेगळ्या जातींच्या कोंबड्या एकाच खुराड्यात पाळताना

परसात कोंबड्या पाळू इच्छिणारे बहुतेक नवखे लोक जाती निवडताना पिसांचा रंग, तुऱ्याची ऐट आणि अंड्याचे कवच एवढेच पाहतात. एकच जात पाळायची असेल तर त्याने फारसे बिघडत नाही. परंतु चार-पाच जाती एकत्र नांदवायच्या असतील तर वजन, स्वभाव आणि पिसांची ठेवण आधी पाहावी, कारण मिश्र कळपातील बहुतेक तंटे याच तीन गोष्टींवरून उद्भवतात, असे माझे मत झाले आहे.

लेगहॉर्न हलक्या अंगाची, चपळ आणि बुजरी असते; ती पांढरी अंडी भरपूर देते, क्वचितच खुडूक होते, म्हणजे अंडी उबवायला बसते, आणि उंच कुंपणही सहज ओलांडते. ऱ्होड आयलंड रेड काटक असते, पण दाण्याच्या भांड्यापाशी दांडगाई करते. ऑर्पिंग्टन आणि ब्रह्मा या वजनदार, शांत जाती थंडी उत्तम सोसतात, उकाड्यात मात्र चोच उघडून धापा टाकतात. सिल्कीची पिसे केसांसारखी मऊ असल्यामुळे ती पावसात पार भिजते आणि तिला नीट उडताही येत नाही. पोलिशच्या डोक्यावरचा झुपका डोळ्यांवर येतो. नवख्याने ऱ्होड आयलंड रेड, प्लायमाउथ रॉक, ससेक्स आणि ऑर्पिंग्टन अशा जवळपास सारख्या वजनाच्या जातींपासून आरंभ करावा. सिल्की आणि पोलिश यांचा मोह आवरत नसेल, तर त्यांच्यासाठी वेगळा कप्पा ठेवावा. असील मात्र मिश्र कळपात ठेवूच नये. ती झुंजीसाठी जोपासलेली जात आहे आणि तिच्या माद्याही माघार घेत नाहीत.

कोंबड्यांमध्ये मानपानाची एक उतरंड असते. कोणी कोणाला टोचायचे आणि कोणी मुकाट बाजूला व्हायचे, हे ठरलेले असते. नॉर्वेचे शास्त्रज्ञ थोरलाइफ शेल्डरुप-एब्बे यांनी 1921 साली तिचे वर्णन केले. ही उतरंड पाहायची असेल तर दिवस मावळताना खुराड्यापाशी उभे राहावे. वरच्या काठीवरची जागा मानकरी कोंबड्या घेतात. नवी तलंग, म्हणजे तरुण कोंबडी, वर चढू लागली की डोक्यावर एक चोच बसते आणि ती खाली उतरते. शेवटी ती अंधार पडेपर्यंत भिंतीशी थांबते आणि बाकीच्या स्थिरावल्यावर काठीच्या टोकाला हळूच जागा धरते. एवढी टोचाटोची स्वाभाविक असून तिच्यात आपण पडू नये. रक्त दिसले मात्र, तर त्या पक्ष्याला तत्काळ वेगळे करावे, कारण लाल रंग दिसला की सारा कळप त्याच जागी टोचू लागतो. पोलिश कोंबडीला बाजूने येणारी चोच दिसत नसल्यामुळे तिचा झुपका वारंवार सोलला जातो. डोळ्यांपुढची पिसे थोडी कातरली की ती निम्मी तरी निर्धास्त होते.

नवे पक्षी आणल्यावर त्यांना तीन-चार आठवडे कळपापासून पूर्णपणे दूर ठेवावे आणि त्यांचे दाणापाणी कळपाच्या नंतर करावे. एवढ्या काळात खोकला, उवा आणि बऱ्याच संसर्गांची लक्षणे समोर येतात. मॅरेकचा रोग हा कोंबड्यांचा विषाणूजन्य आजार मात्र वरून धडधाकट दिसणाऱ्या कोंबडीतही दडून राहू शकतो, म्हणून अंड्यातून बाहेर पडताच लस दिलेली पिल्ले घेणे केव्हाही चांगले. त्यानंतर एक-दोन आठवडे दोन्ही गटांमध्ये फक्त जाळी असावी, म्हणजे ते एकमेकांना पाहतात पण टोचू शकत नाहीत. एकटा पक्षी कधीही सोडू नये. निदान दोन तरी एकत्र सोडावेत आणि दाण्याची भांडी एकमेकांच्या नजरेआड अशा दोन ठिकाणी ठेवावीत, म्हणजे एकीच्या धाकाने दुसरी उपाशी राहत नाही.

जागेत काटकसर केली तर कोणताही उपाय चालत नाही. खुराड्यात प्रत्येक पक्ष्यामागे सुमारे चार चौरस फूट, बाहेर आठ ते दहा चौरस फूट, झोपायच्या काठीवर आठ-दहा इंच आणि चार-पाच कोंबड्यांमागे अंडी घालण्याचा एक खोका, हा हिशेब धरावा. वजनदार जातींसाठी काठी ठेंगणी असावी, नाहीतर उडी मारून उतरताना त्यांचे तळपाय दुखावतात.

वयेही मिश्र असतील तर खाद्याचा प्रश्न येतो. लेयर खाद्यात, म्हणजे अंड्यावरच्या कोंबड्यांच्या खाद्यात, साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असते आणि ते वाढत्या पिल्लांच्या मूत्रपिंडांना बाधते. म्हणून सर्वांना वाढीचे खाद्य द्यावे आणि शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. अंड्यावरच्या कोंबड्या तो आपणहून खातात. ब्रह्मासारख्या पायांवर पिसे असणाऱ्या जातींसाठी जमीन कोरडी हवी. त्यांच्या पिसांत चिखलाचे गोळे अडकतात, शिवाय खवल्यांखाली शिरणारे किडे त्या पिसांमुळे लवकर नजरेस येत नाहीत.

कोंबडा ठेवायचा असेल तर आठ-दहा माद्यांमागे एक पुरतो. वजनदार कोंबडा आणि सिल्कीसारख्या लहान माद्या मात्र एकत्र ठेवू नयेत, कारण त्याच्या वजनाने आणि नखांनी त्यांच्या पाठी सोलल्या जातात. मिश्र कळपातली बहुतेक पिल्ले अर्थातच संकरित निघतात आणि त्यात गंमतही आहे. ऱ्होड आयलंड रेडचा नर आणि पट्टेदार प्लायमाउथ रॉकची मादी यांच्या पिल्लांपैकी नरांच्या डोक्यावर जन्मतःच पांढरा ठिपका असतो, त्यामुळे पहिल्याच दिवशी नर-मादी ओळखता येतात. शुद्ध जातीची पिल्ले हवी असतील तर त्या जातीच्या माद्या तिच्याच नरासोबत वेगळ्या ठेवाव्यात आणि तीन आठवडे उलटल्यानंतरचीच अंडी खुडूक कोंबडीखाली ठेवावीत, कारण आधीच्या नराचे बीज मादीच्या शरीरात दोन आठवडे, कधी त्याहून अधिक काळही टिकून राहते.