‘हन्तवति’ आणि ‘ख्न्तवति’ : राजवाचक शब्दाची व्युत्पत्ती लावताना या चुका टाळा

लुवियन, लिकियन आणि हित्ती या आनातोलियातील, म्हणजे आजच्या तुर्कस्तानातील, प्राचीन भाषा; त्यांना मिळून आनातोलियन भाषा म्हणतात. ‘राजा’ या अर्थी लुवियनमध्ये ‘हन्तवति’ आणि लिकियनमध्ये ‘ख्न्तवति’ असा एकाच मुळाचा शब्द आहे. या शब्दाबाबतचा सर्वांत बोलका घोटाळा दगडावरच कोरलेला आहे. नैर्ऋत्य तुर्कस्तानातील लेतून या प्राचीन देवस्थानात १९७३ साली एक शिलास्तंभ सापडला. त्यावर इ.स.पू. चौथ्या शतकातील एका पूजाव्यवस्थेचा मजकूर लिकियन, ग्रीक आणि अरामी अशा तीन भाषांत आहे. लिकियन पाठात पूज्य देवतेला ‘ख्न्तवति’ म्हटले आहे आणि ती कौनॉस या नगराची आहे असे सांगितले आहे. ग्रीक लेखकाने त्या जागी ‘राजा’ या अर्थाचा ‘बसिलेउस’ हा शब्द ठेवला. अरामी लेखकाने मात्र अर्थाच्या वाटेला न जाता क-न-द-व-स अशा व्यंजनांनी तोच शब्द विशेषनामासारखा उतरवून घेतला. पदवीला नाव समजण्याची चूक आजही होते, आणि तिच्यावर उपाय एकच आहे : एकट्या पाठावर विसंबू नये, शेजारचा पाठ पाहावा.

लुवियन चित्रलिपीतील लेख प्रथमच उघडणाऱ्याची फसगत वेगळ्या प्रकारची असते. राजा दर्शविणाऱ्या चिन्हाचे लिप्यंतर अभ्यासक ‘रेक्स’ या लॅटिन शब्दाने, मोठ्या रोमन अक्षरांत करतात. ते चिन्हाचे सोयीसाठी ठेवलेले नाव आहे, उच्चार नव्हे. चिन्हानंतर ‘-ति-’सारखे अक्षर जोडलेले दिसते, ते मूळ शब्दाचा शेवट कसा होता हे सुचवते, पूर्ण उच्चार ‘हन्तवति-’ असा आहे हे कीलाकार लिपीतील (ओल्या मातीच्या पाट्यांवर पाचरीसारख्या खुणा दाबून लिहिलेल्या) लुवियन मजकुरावरून आणि लिकियनच्या साक्षीवरून ठरते. हित्ती भाषेत राजाला ‘हश्शु-’ म्हणत. तो शब्द निराळा आहे आणि केवळ सुरुवातीच्या ‘ह’मुळे त्याला इथे ओढू नये.

लिकियन शब्दाच्या आरंभी रोमन लिप्यंतरात ‘एक्स’ हे अक्षर दिसते. मराठी वाचकाची जीभ लगेच ‘क्स’कडे वळते आणि पुढची गाडी थेट झॅन्थॉस (ग्रीक उच्चार ‘क्सान्थोस’) या प्रसिद्ध लिकियन नगरापर्यंत जाते. ही सांगड पूर्णपणे चुकीची आहे. ग्रीक नगरनामातील आरंभीचा ध्वनी खरोखरच ‘क्स’ आहे, परंतु ते ग्रीकांनी दिलेले नाव असून लिकियन लोक त्या नगराला ‘अर्न्ना’ म्हणत. लिकियन लिप्यंतरातील ‘एक्स’ हा घशाकडचा, ‘ख’च्या जवळचा ध्वनी आहे. अरामी लेखकाने तो ‘क’ने लिहिला, यावरूनही हे दिसते.

आता विशेषणाकडे येऊ, कारण सर्वाधिक गोंधळ तिथे आहे. लुवियनमध्ये ‘राजाचा’ असे म्हणायचे झाल्यास पुष्कळदा षष्ठीऐवजी नामापासून ‘-अस्सि-’ प्रत्ययाने विशेषण बनवतात आणि ते पुढच्या नामाशी जुळवून घेते. मराठी माणसाला हे समजायला खरे तर जड जाऊ नये, कारण ‘राजाचा घोडा’, ‘राजाची मुलगी’, ‘राजाचे घर’ यांत आपणही तेच करतो. लिकियनमध्ये याच प्रत्ययाचे रूप ‘-अहि’ किंवा ‘-एहि’ असे आहे. लुवियन ‘मस्सन-’ म्हणजे देव, लिकियनमध्ये तो ‘महन-’ झाला, आणि ‘एनि महनहि’ म्हणजे ‘देवांची आई’. म्हणून लिकियन ‘ह’ दिसताच लुवियन ‘ह’ शोधणे ही मोठी चूक होय. लिकियन ‘ह’च्या समोर लुवियन ‘स’ उभा असतो, तर लुवियन ‘ह’च्या समोर लिकियन ‘ख’. ‘सप्त’ आणि फार्सी ‘हफ्त’ ज्यांना ठाऊक आहेत, त्यांना ‘स’चा ‘ह’ होणे नवे नाही. हे दोन्ही संबंध कागदावर लिहून समोर ठेवावेत. निम्म्या चुका तिथेच थांबतात.

मूळ धातूपाशी संस्कृत जाणणाऱ्याची परीक्षा असते. पहिला भाग ‘हन्त-’ हा हित्ती ‘हन्त-’ म्हणजे ‘कपाळ, पुढची बाजू’ याच्याशी निगडित आहे. हित्तीत ‘हन्तेज्जि-’ म्हणजे ‘पहिला’. राजा म्हणजे पुढे असणारा, अग्रणी, अशी ही कल्पना. संस्कृत ‘अन्ति’ (जवळ, समोर), ग्रीक ‘अन्ति’ आणि लॅटिन ‘आन्ते’ हे याच कुळातले. आरंभीचा कंठ्य ध्वनी संस्कृतात लोपला, आनातोलियन भाषांनी तो जपला. इथवर पाया भक्कम आहे. उत्तरार्ध ‘-वति-’ याची फोड मात्र सर्वमान्य नाही, आणि नेमकी तिथेच घाई होते. कोणी त्यात ‘पति’ पाहतो. पण आनातोलियन भाषांत मूळ ‘प’ टिकतो, त्याचा ‘व’ होत नाही. कोणी ‘भगवत्’मधला ‘वत्’ पाहतो. ही कल्पना अधिक मोहक आहे, कारण ‘वत्’चे मूळ रूप ‘-वन्त्’ असून त्याचा भाऊ ‘-वन्त-’ लुवियनमध्ये खरोखरच आहे. परंतु संस्कृतात ‘वत्’मधील अनुनासिक झिजला तो स्वरासारख्या ‘न्’चा ‘अ’ झाल्यामुळे. आनातोलियात तसा ‘न्’ ‘अन्’ होऊन उरतो. चित्रलिपी व्यंजनापूर्वीचा ‘न’ लिहीतच नाही, तेव्हा तिची साक्ष इथे निरुपयोगी आहे. लिकियन लिपी मात्र तो लिहिते, आणि तिने ‘ख्न्त-’मध्ये ‘न’ दाखवून ‘-वति’मध्ये दाखवलेला नाही; म्हणून त्यात ‘-वन्त-’ पाहता येत नाही.

लेतूनच्याच लेखात सत्ताधाऱ्याचा आणखी एक शब्द येतो, ‘ख्स्सथ्रपज-’. रूप जवळचे भासले तरी तो ‘ख्न्तवति’चा नातलग नाही; तो इराणी भाषेतून उसना घेतलेला आहे. नाशिकच्या लेण्यांत नहपानाच्या नावापुढे येणारे ‘क्षत्रप’ हे पदही त्याच इराणी पदवीचे भारतीय रूप आहे.

शेवटी दोन सूचना थोडक्यात. लिकियन ही लुवियनची कन्या नव्हे, बहीण आहे. लुवियनमध्ये एक होऊन गेलेले काही स्वर लिकियनमध्ये अजून वेगळे आहेत, त्यामुळे ‘ख्न्तवति’ हे ‘हन्तवति’चे बिघडलेले रूप मानू नये. आणि चित्रलिपीतील काही नेहमीच्या चिन्हांचे वाचन १९७०च्या दशकात बदलले असल्याने, त्यापूर्वीच्या पुस्तकातून रूप घेताना ते नव्या वाचनाशी पडताळूनच वापरावे.